हात दुखतो, म्हणून गिटार सोडायची का?

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी माझ्या हातातून कणकेची परात निसटली. खाली पडली, घरभर आवाज झाला आणि पाठोपाठ देवघरातून सासूबाईंचा आवाज आला, "आणखी वाजवा गिटार!"

तुम्ही म्हणाल, परातीचा आणि गिटारीचा काय संबंध? तोच आज सांगायला बसले आहे. तुमच्यापैकी काहीजणी माझ्यासारख्या तिशी-पस्तिशीत एखादं वाद्य शिकायला लागल्या असतील. कुणाची मुलगी शिकत असेल. आणि ज्यांचा वाद्याशी काही संबंध नाही, त्यांचंही मनगट पोळ्या लाटताना, कपडे पिळताना ठणकत असेलच. तेव्हा हे थोडं माझं आणि बरंचसं तुमचंही आहे.

आम्ही अंबरनाथला राहतो, पूर्वेला. घरात सासू-सासरे, हे, मुलगा आणि मी. सकाळच्या वेळी बदलापूरच्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. गिटार खरं तर माझ्या मुलाची. वाढदिवसाला हट्ट करून घेतली, तीन महिने वाजवली आणि मग ती कपाटावर जाऊन बसली. दर शनिवारी तिच्यावरची धूळ पुसायची मी. एकदा पुसता पुसता तारांवरून बोट फिरलं. तो आवाज ऐकून मला कॉलेजचं स्नेहसंमेलन आठवलं. तेव्हा वाजवणारी मुलं व्यासपीठावर असायची आणि आम्ही मुली समोर टाळ्या वाजवायला. मनात आलं, आता तरी शिकावं. उल्हासनगरला एक क्लास सापडला. शनिवारी दुपारी एक तास. बदलापूर पुढचं स्टेशन, उल्हासनगर मागचं. माझं सगळं जगच या तीन स्टेशनांत मावतं म्हणा ना!

पहिले दोन महिने इतके छान गेले की काय सांगू! रात्री भांडी आवरली की दिवाणखान्यात दार लोटून मी तासभर बसायची. पण तिसऱ्या महिन्यात बोटांची टोकं दुखायची थांबली आणि मनगट दुखायला लागलं. पुढे रात्री दोन-अडीचला जाग यायची, ती डाव्या हाताला मुंग्या येऊन. हात झटकला की बरं वाटायचं. त्याच सुमाराला उजव्या कोपराची बाहेरची बाजूही बोलायला लागली. आणि मग ती परात.

जवळच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "या वयात गिटार कशाला? बंद करा, बरं वाटेल." गोळ्या दिल्या. घरी येऊन मी गिटार पुन्हा कपाटावर ठेवली. रडले नाही, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

आता गंमत ऐका. दोन महिने मी गिटारीला हात लावला नाही. गोळ्या संपल्या. मुंग्या थोड्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. कोपर तर जास्तच दुखायला लागलं. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हटलं, गिटार कारण असती, तर ती बंद केल्यावर दुखणं जायला हवं होतं. म्हणजे दुसरंही काहीतरी आहे. एका सहकारी शिक्षिकेने उल्हासनगरच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा पत्ता दिला. त्यांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगितल्या. एक, पुढच्या वेळी गिटार घेऊन या. दुसरी, हात दिवसभर काय काय करतो त्याचा हिशेब लिहून आणा.

दिवसाचा हिशेब

घरखर्चाची वही आपण लिहितो, पण हातांचा खर्च कधी लिहिलाय? मी लिहिला आणि थक्क झाले. सकाळी तीन डब्यांच्या मिळून अठरा पोळ्या, संध्याकाळी आठ-दहा भाकरी. दोन बादल्या कपडे, कारण पांढरे कपडे मशीनमध्ये घालायचे नाहीत अशी आमच्याकडे शिस्त! नारळ खवणं, लोखंडी तवा एका हाताने उचलणं. लोकलमध्ये एकच स्टेशन, पण कडीला मनगट वाकवून लोंबकळणं. शाळेत डाव्या हातावर वह्यांचा गठ्ठा आणि उजव्याने फळ्यावर लिहिणं. घरी येऊन चाळीस निबंध तपासणं. मग फोन डाव्या हातात धरून अंगठ्याने उत्तरं देणं. आणि या सगळ्यानंतर रात्री दहाला, जेव्हा हात पार दमलेला असतो, तेव्हा गिटार!

बाईंनी वही वाचली आणि हसल्या. म्हणाल्या, "गिटारीचा दोष आहे, पण ती शेवटची आहे. पाण्याने भरलेल्या हंड्यात शेवटचा तांब्या तिने ओतला. आपण सगळ्या तांब्यांचं बघू या."

त्यांच्याकडे माझ्याशेजारी कॅम्प चारमधल्या एक सिंधी भाभी बसायच्या. त्या घरी बसून जीन्सचे धागे कापायचं काम करत. उल्हासनगरच्या जीन्स तुम्हाला माहीत आहेतच. दिवसभर हातात कात्री. त्यांनाही माझ्यासारख्याच रात्री मुंग्या. तपासणीत त्यांचं थायरॉइड कमी निघालं, गोळी सुरू झाली आणि हातालाही हळूहळू उतार पडला. त्या बिचारीने आयुष्यात गिटार पाहिली होती ती सिनेमात! तेव्हा मैत्रिणींनो, दुखण्याचं खापर पहिल्या दिसेल त्या गोष्टीवर फोडू नका.

दुखणं नेमकं कुठलं?

हात दुखतो, एवढं म्हणून भागत नाही. कुठे दुखतो, केव्हा दुखतो, यावर सगळं अवलंबून आहे. चार जागा लक्षात ठेवा.

पहिली जागा, मनगटाची आतली बाजू. तळहाताच्या मुळाशी हाडांचा आणि एका जाड पट्टीचा मिळून एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ शिरा म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या आणि एक मज्जातंतू असे दहाजण जातात. सकाळी सातच्या बायकांच्या डब्याची आठवण होते ना? दोऱ्या सुजल्या की दाटी होते आणि चेंगरतो तो बिचारा मज्जातंतू. मग अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, त्या विशेषतः रात्री. करंगळी मात्र सुटते, कारण तिचा मज्जातंतू वेगळ्या वाटेने जातो. याला कार्पल टनेलचा त्रास म्हणतात. बायकांत तो पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. गरोदरपणात, थायरॉइड कमी असताना, मधुमेहात आणि वजन वाढल्यावर त्याची शक्यता वाढते. माझ्या डाव्या हाताचं दुखणं हेच होतं. माझी साखर आणि थायरॉइड, दोन्ही तपासण्या ठीक आल्या.

दुसरी जागा, मनगटाची अंगठ्याकडची बाजू. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या दिशेने हलकेच वाकवा. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो, पण कळ मस्तकात गेली तर अंगठ्याच्या दोऱ्यांच्या आवरणाला सूज असण्याचा संभव आहे. या दुखण्याचं वर्णन फ्रिट्झ डी क्वेर्व्हाँ या स्विस शल्यवैद्याने १८९५ साली केलं, म्हणून त्यालाच त्याचं नाव. तान्ह्या बाळाला सारखं काखेत धरून उचलणाऱ्या आयांना हे हमखास होतं. गिटारीची मान अंगठ्याने करकचून दाबणाऱ्यांनाही होतं.

तिसरी जागा, कोपराची बाहेरची बाजू. कपडे पिळताना, भरलेलं पातेलं उचलताना, दाराची मूठ फिरवताना इथे कळ येते. याला टेनिस एल्बो म्हणतात. टेनिसची रॅकेट आपल्यातल्या कितीजणींनी हातात धरली असेल! माझ्या उजव्या कोपराचं दुखणं हेच. बाईंच्या भाषेत, "डावा हात गिटारचा, उजवा पोळ्यांचा."

चौथी जागा, कोपराची आतली बाजू. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच. कोपर फार वेळ दुमडून ठेवलं किंवा कठीण कडेवर टेकवलं की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. फोन कानाला लावून तासभर बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

या खुणा घरी पाहाव्यात त्या फक्त डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून. निदान करणं त्यांचं काम. गरज पडली तर मज्जातंतूची तपासणी करतात. मानेतली नस दबूनही हाताला मुंग्या येऊ शकतात, हे आपल्याला घरबसल्या कळत नाही.

सचिनचं कोपर आणि शूमानचं बोट

दुखण्यापेक्षा जास्त टोचतं ते "सोडून दे" हे वाक्य. मला तेव्हा सचिन तेंडुलकरच्या कोपराची आठवण झाली. २००४ साली त्याला टेनिस एल्बो झालं तेव्हा सगळं घर कसं काळजीत होतं! २००५ च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परतला आणि ९३ धावा केल्या. डिसेंबरात दिल्लीला कसोटीतलं पस्तिसावं शतक ठोकून त्याने गावसकरांचा विक्रम मागे टाकला. तो परतला, कारण त्याने थांबायच्या वेळी थांबायचं कबूल केलं आणि मग धीराने पुन्हा सुरुवात केली.

उलट गोष्ट रॉबर्ट शूमान या जर्मन संगीतकाराची. त्याला पियानोवादक व्हायचं होतं. पण १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्याच्या उजव्या हाताचं बोट निकामी झालं. बोटाला ताकद यावी म्हणून त्याने एक यंत्र वापरलं, त्याचा हा परिणाम, असं सांगतात. नेमक्या कारणाबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहेत. वादक होणं राहिलं, तो रचनाकार झाला आणि त्याच्या रचना पुढे त्याच्या बायकोने, क्लाराने, मैफलीत वाजवल्या. म्हणजे दुखऱ्या हाताला दटावून काम करून घेता येत नाही. "दुखलं तरी चालेल, रियाज चुकवायचा नाही" हे ऐकायला फार शूर वाटतं, पण हाताला शौर्य कळत नाही.

गिटारीत काय बदललं?

दुसऱ्या भेटीला मी गिटार घेऊन गेले. लोकलमध्ये बायका कुतूहलाने बघत होत्या. एकीने विचारलं, "मुलाची का?" मी म्हटलं, "माझी." असं मी पहिल्यांदाच म्हटलं!

बाईंनी मला वाजवायला बसवलं आणि मनगटाकडे बोट दाखवलं. गिटारीची मान खाली झुकलेली, त्यामुळे तारांपर्यंत पोचायला माझं डावं मनगट काटकोनात दुमडलेलं. मनगट असं दुमडून बोटांनी जोर लावला की त्या बोगद्यातला दाब वाढतो. म्हणून पहिला नियम: मनगट जवळजवळ सरळ राहिलं पाहिजे. त्यासाठी मनगटाशी झगडायचं नाही, गिटार वर आणायची. खुर्चीवर ताठ बसा, गिटार डाव्या मांडीवर घ्या, डाव्या पायाखाली पाट ठेवा आणि गिटारीची मान तिरकी वर जाऊ द्या. शास्त्रीय गिटार वाजवणारे असेच बसतात. मी न्हाणीघरातला जुना पाट धुऊन घेतला. पट्टा लावूनही हे साधतं. मुख्य म्हणजे, गिटारीचं वजन डाव्या हाताने पेलायचं नाही.

दुसरा नियम अंगठ्याचा. तो मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर नुसता टेकलेला असावा. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर एखादा सूर दाबून ठेवा आणि अंगठा क्षणभर उचला. तरी सूर चालू राहिला तर तुमचा जोर बेताचा आहे.

तिसरा नियम दाबण्याचा. बोट पट्टीच्या म्हणजे फ्रेटच्या अगदी लगत ठेवलं तर कमी जोरात स्वच्छ सूर येतो. मध्ये किंवा लांब ठेवलं की दुप्पट दाबावं लागतं. हळूहळू दाब कमी करत जा, सूर फरफरायला लागला की थांबा आणि किंचित वाढवा. तेवढाच जोर पुरे. मी पूर्वी इतकी दाबत होते की जणू तारा पळून जाणार होत्या!

चौथी गोष्ट वाद्याची. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो, नायलॉनच्या तारांवर त्याच्या निम्म्याच्या जवळपास. आमच्या गिटारीला जाड, बाराच्या तारा होत्या. त्या काढून दहाच्या बसवल्या. बाराव्या फ्रेटपाशी तार आणि पट्टी यांतलं अंतर पट्टीने मोजलं, तर चार मिलिमीटर! पोलादी तारांच्या गिटारीला दोन-अडीच पुरे असतं. वाद्य दुरुस्त करणाऱ्याने ते खाली आणून दिलं आणि माझे निम्मे कष्ट वाचले. नायलॉनच्या तारा हव्या असतील तर त्यांची गिटारच वेगळी येते. पोलादी तारांच्या गिटारीवर त्या चढवू नका. हात लहान असेल तर तीन-चतुर्थांश मापाची गिटार घ्यायला अजिबात लाजू नका. चपला नाही का आपण आपल्या मापाच्या घेत?

पाचवी गोष्ट त्या बदनाम एफ कॉर्डची. एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या, ती. नव्या वादकाचं मनगट बिघडतं ते बहुधा तिच्यापायी. दुखत असेल तर काही महिने ती बाजूला ठेवा, चार तारांची छोटी एफ वाजवा. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो म्हणजे तारा दाबणारा चिमटा लावला तर तारा खाली येतात, पट्ट्यांमधलं अंतरही कमी होतं आणि हात फार ताणावा लागत नाही.

उजव्या हाताचं इतकंच, की झंकार कोपरापासून सैल सोडावा, पिक घट्ट आवळू नये आणि गिटारीची धारदार कड हाताला रुतत असेल तर तिथे जाडसर रुमाल घालावा.

रियाज किती आणि केव्हा?

माझी सर्वात मोठी चूक वेळेची होती. आठवडाभर काही नाही आणि क्लासच्या आदल्या रात्री दोन तास! परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्या मुलांना मी वर्गात रागावते, आणि स्वतः तेच करत होते.

पुन्हा सुरुवात केली ती दिवसाला दोन वेळा पाच-पाच मिनिटांनी. आठवडाभर दुखणं वाढलं नाही की प्रत्येक वेळेला दोन-तीन मिनिटं वाढवायची. आज मी वीस मिनिटं वाजवते, पाच मिनिटं थांबते, पुन्हा वीस मिनिटं. त्याहून जास्त नाही. थंडीत आधी कोमट पाण्यात हात बुडवते, खांदे फिरवते, मुठी सावकाश उघडते-मिटते. सुरुवात सोप्या सुरांनी करते, अवघड भाग मध्ये आणि शेवट पुन्हा सोप्याने.

थांबायचं केव्हा? ओढ लागल्यासारखं किंवा दमल्यासारखं वाटलं तर थोडी विश्रांती. टोचलं, जळजळलं, मुंग्या आल्या, तर त्या दिवसापुरती गिटार बंद. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं जास्त असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून पुढचा रियाज कमी करायचा.

आणि वेळ? रात्री दहाची वेळ बदलली. आता मी शाळेतून आल्यावर, दुपारी चारला, चहाच्या आधी बसते. हात ताजा असतो.

स्वयंपाकघरातले बदल

हे वाद्य न वाजवणाऱ्या मैत्रिणींसाठीही आहे. कणीक भिजवून वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवा, मग मळा. निम्मं काम पाणीच करतं. मळताना ओटा उंच वाटत असेल तर पाटावर उभ्या राहा, म्हणजे मनगटाऐवजी अंगाचा भार पडतो. लाटणं मुठीत आवळू नका, तळव्याखाली फिरू द्या. कपडे पिळायचेच असतील तर नळाला अडकवून पिळा, किंवा नुसते दाबून दोरीवर निथळत टाका. पातेलं एका हाताने सांडशीत धरून उचलण्याऐवजी दोन्ही हातांनी, कापडाने धरून, अंगाजवळ ठेवून उचला. बरणीचं झाकण ओल्या रबरी हातमोज्याने उघडा. पिशवी बोटांत अडकवण्यापेक्षा खांद्याला लावा. वह्यांचा गठ्ठा दोन खेपांत न्या.

झोपताना मनगट उशीखाली दुमडून झोपायची सवय अनेकींना असते, मलाही होती. मनगट सरळ ठेवणारा पट्टा औषधांच्या दुकानात मिळतो. तो मी बाईंच्या सांगण्यावरून सहा आठवडे फक्त रात्री बांधला. दिवसा सारखा बांधून ठेवला तर हात आळशी होतो. दुसऱ्याच आठवड्यापासून मला सलग झोप लागायला लागली.

कोपरासाठी एक व्यायाम दिला होता. हात टेबलावर ठेवायचा, तळवा जमिनीकडे, मनगट कडेबाहेर. हातात अर्धी भरलेली छोटी पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर आणायचं आणि मदत काढून घेऊन सावकाश, पाच आकडे मोजत खाली सोडायचं. असं दहा वेळा. हा व्यायाम एकदा कुणा जाणकाराकडून करून घ्यावा, मग घरी करावा. कोपराचं दुखणं चिवट असतं, महिनोन्‌महिने रेंगाळतं. पण बहुतेकांचं शस्त्रक्रियेशिवायच बरं होतं, हे सांगते म्हणजे धीर येईल.

सासूबाईंचं तेल? लावा की! कोमट तेलाने बरं वाटतं. मात्र सुजलेल्या जागी रगडून मालीश नको आणि "चटका बसला की उतरेल" असले प्रयोगही नकोत. नुकतीच सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, जुनं आखडलेपण असेल तर शेक. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका. पित्त, मूत्रपिंड, रक्तदाब यांचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर मुळीच नाही. आणखी एक, गोळी घेऊन दुखणं दाबायचं आणि वर गिटार वाजवायची, हे तर घंटा काढून घेऊन आग विझली म्हणण्यासारखं आहे.

केव्हा थांबू नये?

बोटं दिवसाही बधिर राहात असतील, हातातून वस्तू पडत असतील, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग बसल्यासारखा दिसत असेल, तर लवकर हाडांच्या किंवा मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. मज्जातंतू फार काळ चेंगरला तर नुकसान कायमचं होऊ शकतं. अशा वेळी इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया लागली तर घाबरू नका. सांधा लाल, गरम होऊन ताप आला, पडल्यानंतर दुखू लागलं, मानेतून कळ हातात उतरू लागली, तरीही थांबू नका. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत भार, घाम, धाप लागली तर बाम चोळत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. आपण बायका हे दुखणं "दगदग झाली असेल" म्हणून अंगावर काढतो.

खाजगी खर्च परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात विचारा. मुंबईला हाजीअलीपाशी, महालक्ष्मी स्टेशनाजवळ, भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन यांसाठी केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. लांब पडतं खरं, पण लग्नाच्या खरेदीला दादरला जातोच ना आपण?

आणि शेवटी

सगळ्यात अवघड बदल मी मुद्दाम शेवटी ठेवला. हिशेबाची ती वही बाईंनी मला घरी सगळ्यांना वाचून दाखवायला सांगितली होती. मला फार संकोच वाटला. एका रविवारी जेवणं झाल्यावर वाचली. कुणी काही बोललं नाही. हे पान लावत बसले. पण सोमवारी सकाळी उठून पाहते, तर हे परातीपुढे उभे आणि सासरे त्यांना "पाणी जास्त झालं" म्हणून सांगताहेत! पहिल्या दिवशीच्या पोळ्यांचे नकाशे झाले. मुलाने त्यांत श्रीलंका शोधून काढली. आता कणीक यांची, लाटणं माझं. पांढरे कपडे मशीनमध्ये जातात. सासूबाईंनी त्यावर अजून मत दिलेलं नाही.

मी काही मोठी वादक होणार नाही. चार कॉर्ड नीट येतात, पाचवी अधूनमधून. हात अजूनही पावसाळी हवेत कुरकुरतो आणि जास्त झालं की मी ऐकते त्याचं. पण गेल्या महिन्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवीच्या मुलींनी समूहगीत म्हटलं, तेव्हा साथीला मी होते. व्यासपीठावर. पायाखाली न्हाणीतला पाट होता.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चार वाजता वाजवतेस ना, ते दार उघडं ठेवून वाजवत जा. मला देवघरात ऐकू येत नाही."

तेव्हा मैत्रिणींनो, हात दुखत असेल तर हाताचं ऐका, त्याला दाखवा, त्याचा हिशेब लिहा. पण आवडीची गोष्ट सोडायची पाळी आली, तर सोडण्याआधी एवढं विचारा, की दिवसभरातलं आणखी काय सोडता येईल? आपल्या यादीत आपली आवड नेहमी सगळ्यात आधी खोडली जाते. या वेळी ती शेवटी खोडू या.